अळणी समुद्रावरची बोट

आईनं चपला हातात घेतल्या, साडी चार बोटं वर खोचली, पाण्यात दोन पावलं टाकली आणि ओंजळभर पाणी घेऊन चाखलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अगो, हा तर अळणी आहे!"

ऑगस्ट २००४. जागा न्यूयॉर्क राज्यातलं रॉचेस्टर, जिथे जेनेसी नदी ऑन्टारिओ सरोवराला मिळते ती शार्लॉट नावाची वस्ती. (तिथले लोक हे नाव उच्चारताना शेवटच्या अक्षरावर जोर देतात. तुम्ही पहिल्यावर दिलात की तुम्ही बाहेरचे, हे लगेच कळतं. मला हे कळायला दोन वर्षं लागली.) काठावर वाळू, समुद्रपक्षी, १८२२ सालचा दीपस्तंभ, एक जुनं लाकडी घोड्यांचं मेरी-गो-राउंड, आणि समोर क्षितिजापर्यंत पाणीच पाणी. पलीकडचा काठ दिसत नाही. मी आईला फोनवर कितीदा सांगितलं होतं की आमच्या गावाला एक मोठं तळं आहे. तिचं माहेर हर्णै. सुवर्णदुर्ग समोर ठेवून लहानाची मोठी झालेली बाई. तिला तळं म्हणजे देवळापुढचं तळं माहीत. "ह्याला तळं म्हणतात? मग समुद्र कशाला म्हणतात?" ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "वास मात्र नाही हो. समुद्राला वास नाही म्हणजे काय."

त्या दिवशी आम्ही तिथे आलो होतो ते वाळूवर फिरायला नाही. बोटीनं टोरांटोला जायचं होतं. दादा तेव्हा मिसिसागाला राहायचा. रॉचेस्टरहून त्याच्याकडे जायचं तर पश्चिमेला बफेलो, तिथून पूल ओलांडून कॅनडा, मग सरोवराला वळसा घालत पुन्हा ईशान्येला, असा साडेतीन तासांचा रस्ता. सीमेवर रांग असली तर चार, साडेचार. नकाशा पाहिला की वाटायचं, आपण वाटीच्या कडेनं मुंगीसारखे फिरतोय आणि समोरचा दाणा तर वाटीपलीकडेच आहे.

त्या वर्षी ही वाटी ओलांडणारी बोट सुरू झाली होती. नाव 'स्पिरिट ऑफ ऑन्टारिओ १'. कंपनीनं तिला लाडानं 'द ब्रीझ' म्हटलं होतं.

शहरात त्या बोटीबद्दल लोक असे बोलायचे, जसे आपल्याकडे नव्या सुनेबद्दल बोलतात. ती कुठून आली, केवढ्याला आली, येताना काय झालं. आली होती ती पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थजवळच्या हेंडरसनहून. ऑस्टल नावाच्या कंपनीनं बांधलेली, अॅल्युमिनियमची, दोन सांगाड्यांची कॅटामरान. लांबी ८६ मीटरहून जास्त. ७७४ माणसं आणि २३८ गाड्या घेणारी. किंमत सव्वाचार कोटी डॉलर्सच्या वर. अर्धं जग पार करून येताना न्यूयॉर्क बंदरात धक्क्याला घासली, दुरुस्तीत वेळ गेला, आणि सुरुवात लांबत लांबत १७ जून २००४ वर आली. नव्या सुनेचा पाय उंबरठ्यात अडखळावा तसं. पण ती प्रत्यक्ष नदीच्या मुखात शिरली तेव्हा काठावर माणसं उभी होती, त्यातली काही मी ओळखत होते, आणि त्यांचे डोळे ओले होते.

हे डोळे ओले का होते हे समजायला त्या वर्षीचं रॉचेस्टर माहीत हवं. हे कोडॅकचं, म्हणजे कॅमेऱ्यांच्या फिल्म बनवणाऱ्या कंपनीचं, गाव. १९८२ मध्ये एकट्या रॉचेस्टर परिसरात कोडॅकची साठ हजारांवर माणसं कामाला होती. बाप कोडॅकमध्ये, मुलगा कोडॅकमध्ये, जावई शोधायचा तोही कोडॅकमधला. मग डिजिटल कॅमेरे आले. जानेवारी २००४ मध्ये कोडॅकनं जाहीर केलं की तीन वर्षांत जगभरातली बारा ते पंधरा हजार माणसं कमी करणार. मी दुसऱ्याच एका कंपनीत होते, पण आमच्या रस्त्यावरच्या दर तिसऱ्या घरात त्या बातमीनं चूल मंदावली. गिरणगावाची आठवण असलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. भोंगा बंद झाला की फक्त पगार जात नाही, सकाळ किती वाजता होते हेही कळेनासं होतं.

अशा गावाला जून महिन्यात एक पांढरी, चकचकीत, ताशी ऐंशी किलोमीटरच्या वेगानं धावणारी बोट मिळाली. पलीकडे टोरांटो. पंचवीस लाखांचं शहर, उंच मनोरे, पैसा, जगभरची माणसं. आपण सव्वादोन लाखांचे. बोट सव्वादोन तासांत त्या काठाला लागणार. तिकडची माणसं इकडे येणार, हॉटेलात राहणार, संग्रहालयं बघणार, खरेदी करणार. शहरानं आणि राज्यानंही त्यात पैसा घातला होता. आम्ही सगळे एकमेकांना विचारायचो, "गेलात का बोटीनं?"

आता आमचं जाणं. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट, त्यामुळे कॅनडाचा व्हिसा लागायचा. तो मिळायचा बफेलोच्या कॅनेडियन वकिलातीत. म्हणजे सरोवर सरळ ओलांडण्याची परवानगी आणायला आधी वळशाच्या रस्त्यानं जवळजवळ निम्मं अंतर जायचं, कागद घ्यायचा, परत यायचं, आणि मग बोटीत बसायचं. तिथल्या पार्किंगमध्ये उभं राहून नवरा म्हणाला, "इथून दादाकडे आता शंभर मैल. सरळ पुढेच गेलो तर?" मी म्हटलं, "आईला बोट दाखवायची आहे." आईचा व्हिसा मुंबईहूनच झाला होता, म्हणून अडचण फक्त आमची. आणि खरं कारण बोट आईला दाखवायची हे नव्हतंच. बोट मला बघायची होती.

आई बोटीत चढताना जराही बिचकली नाही. सिंधुसागराच्या पोरीला कोण सांगणार! तिच्या लहानपणी मुंबईहून हर्णैला यायचं ते कोकण बोटीनं. भाऊच्या धक्क्यावर गर्दीत बोचकी सांभाळत चढायचं, रात्रभर डेकवर चादर पसरून पडायचं, आणि हर्णै आलं की बोट आत यायचीच नाही. बाहेर खोल पाण्यात नांगर टाकायची. मग काठावरून पडाव, म्हणजे लहान होड्या, यायचे, आणि हलत्या बोटीतून हलत्या पडावात पोरं, म्हाताऱ्या, कोंबड्या, ट्रंका, सगळं उतरवायचं. उतरवणारा हात देऊन ओरडायचा, "लाट वर आली की पाय टाका!" लाट खाली गेल्यावर पाय टाकलात तर गेलात. आई म्हणायची, जन्मात मला कुणी एवढं थेट शिकवलं नाही.

तिच्या अनुभवाशी ताडून पाहता ब्रीझ म्हणजे विमानतळ होता. रांगेत उभे राहा, पासपोर्ट दाखवा, पट्ट्यावर सामान ठेवा. आत गालिचे, मऊ खुर्च्या, खाण्याचे काउंटर, दुकान. आई खिडकीशी बसली आणि पहिल्या दहा मिनिटांत तिनं तक्रार केली, "अगो, हालत का नाही ही?" मी म्हटलं, "तुला बोट लागू नये म्हणून." ती तोऱ्यात म्हणाली, "मला बोट लागत नाही. कधीच लागली नाही."

माझा पाच वर्षांचा मुलगा, ज्याचं मराठी तेव्हा आजीच्या येण्यानं नुकतं ताजं होत होतं, त्यानं विचारलं, "लागत नाही म्हणजे? नको तुला?" आई हसली. मग तिनं त्याला समजावलं की बोट 'लागते' म्हणजे मळमळतं, आणि बोट धक्क्याला 'लागते' म्हणजे पोचते, आणि एखादी वस्तू 'लागते' म्हणजे तिच्यावाचून अडतं. "तीन वेगळे लागणे," ती बोटं मोजत म्हणाली. मुलाला पहिलं सोडून काही कळलं नाही. मला मात्र त्या तिसऱ्या 'लागण्या'नं नंतर बराच त्रास दिला.

आम्ही मागच्या उघड्या डेकवर गेलो. ही बोट पंख्यावर नाही, पाण्याच्या झोतावर चालते. पोटात पाणी ओढून घ्यायचं आणि मागे जोरात फेकायचं. म्हणून मागे दोन पांढरे पिसारे उठतात आणि लांबवर सपाट होत जातात. चार डिझेल इंजिनं, मिळून ३२,८०० किलोवॅट. मी इंजिनिअर, त्यामुळे मला हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. ही साधारण ४४,००० अश्वशक्ती. कोकण रेल्वेच्या मार्गावर एके काळी ओळखीची असलेली ४,००० अश्वशक्तीची डिझेल इंजिनं एकापुढे एक अकरा जोडा, तेवढी. एवढं सगळं कशासाठी, तर सव्वा तास वाचवण्यासाठी. पाण्यावर वेग महाग असतो. वेग जेवढा वाढवाल, त्याहून कितीतरी जास्त प्रमाणात इंधन वाढतं. डेकवर उभी असताना हे मला ठाऊक होतं, पण केस उडत होते, पोरगं टाळ्या पिटत होतं, आणि क्षितिजावर टोरांटोचा मनोरा टाचणीएवढा उगवत होता. अशा वेळी कोण डिझेल मोजतं.

पलीकडे उतरलो तर तात्पुरती शेड. टोरांटोच्या बंदरातला गोदामांचा, सिमेंटच्या ढिगांचा भाग. आसपास चहाची टपरी म्हणाल तर नाही. दादा गाडी घेऊन आला होता, त्याला जागा सापडायला अर्धा तास लागला. त्याचा पहिला प्रश्न, "ही बोट येते हे मला तू सांगितल्यावर कळलं. कधीपासून येते?"

मी सोडून द्यायला हवं होतं ते वाक्य, पण ते अडकून राहिलं. रॉचेस्टरमध्ये जी गोष्ट रोज पहिल्या पानावर होती, ती इकडच्या काठावर राहणाऱ्या माझ्या सख्ख्या भावाला माहीतच नव्हती.

चार दिवस राहिलो. परतताना दादा म्हणाला, आईला नायगारा दाखवू आणि तसंच तुम्हाला घरी सोडतो. रस्त्यानं आलो. म्हणजे आम्हीही बोटीनं गेलो ते एकदाच, आणि तेही एकाच बाजूनं.

लेबर डे हा अमेरिकेतला उन्हाळ्याचा शेवट. त्या वर्षी तो सहा सप्टेंबरला आला. सात सप्टेंबरला बोट थांबली. सुरू झाल्यापासून जेमतेम ऐंशी दिवस. कंपनीवर सतरा लाख डॉलर्सची देणी थकली होती. आई तेव्हा आमच्याकडेच होती. टीव्हीवर धक्क्याला बांधलेली बोट दाखवत होते. ती म्हणाली, "आमच्याकडे ह्या दिवसांत बोट सुरू व्हायची. आगोटीला, पाऊस तोंडावर आला की, बंद, नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवला की सुरू. तुमच्याकडे उलटंच."

कारणं बरीच सांगितली गेली आणि ती खोटी नव्हती. मालाचे ट्रक नेता आले असते तर बारमाही कमाई झाली असती, पण तसं झालं नाही. बोट बहामाच्या झेंड्याखाली नोंदलेली. परदेशी झेंड्याच्या जहाजाला या सरोवरांत स्थानिक पायलट, म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा जाणकार, सोबत घ्यावाच लागतो, रोज ये-जा करणाऱ्या आणि तोच रस्ता तोंडपाठ झालेल्या बोटीलासुद्धा. त्याचे पैसे वेगळे. दोन देशांच्या सीमाशुल्काच्या व्यवस्थेचा भार वेगळा. मला स्वतःला यातलं पायलटचं कारण सगळ्यात कडू-गोड वाटतं. रोज दाभोळच्या खाडीत जाणाऱ्या तांडेलाला कुणी म्हणावं, बाबा रे, वाट दाखवायला हा माणूस बरोबर घे आणि त्याला पगार दे!

यानंतर जे झालं ते मात्र भलतंच. फेब्रुवारी २००५ मध्ये बोट लिलावात निघाली आणि ती घेतली चक्क रॉचेस्टर शहरानं. तीन कोटी वीस लाख डॉलर्सना. तेव्हाचे महापौर विल्यम जॉन्सन यांनी हा डाव मांडला. कर्ज दिलं ऑस्ट्रेलियाच्या सरकारी निर्यात-वित्त संस्थेनं, चार कोटी डॉलर्स. चालवायला कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या फेरी चालवणाऱ्या मंडळींची कंपनी आणली, आणि बोटीचं नाव झालं 'द कॅट'. टोरांटोतही पक्कं टर्मिनल उभं राहिलं, जून २००५ च्या अखेरीस त्याचं उद्घाटन झालं. बोट पुन्हा सुटली.

जॉन्सन यांना पुढे लोकांनी पुष्कळ नावं ठेवली. मी ठेवत नाही. धक्क्यावर बांधून ठेवलेली बोट रोज बघायची की आणखी एकदा पैज लावायची, असा त्यांच्यापुढे प्रश्न असावा. बुडत्या गावाचा कारभारी पैज लावतो. माझ्या आजोबांनी कलमं मोहोर धरत नाहीत म्हणून विकायच्या ऐवजी आणखी कर्ज काढून आणखी कलमं लावली होती. आम्ही अजून त्यांचे आंबे खातो. पण आमची कलमं लागली, बोट नाही लागली, एवढाच फरक, आणि हा फरक आधी कुणाला कळतो?

त्या ऑगस्टअखेर मेक्सिकोच्या आखातात कत्रिना वादळ आलं आणि डिझेलचे भाव चढले. अकरा रेल्वे इंजिनांचं पोट आठवा. डिसेंबरच्या मध्यावर हिवाळ्यासाठी बोट बंद केली. एक जानेवारी २००६ ला नवे महापौर आले, रॉबर्ट डफी, आधीचे शहराचे पोलीसप्रमुख. दहा जानेवारीला त्यांनी सांगितलं, बोट आता सुटणार नाही. तोटा झाला होता सुमारे एक कोटी डॉलर्सचा, दहा महिन्यांत.

टोरांटोचं ते टर्मिनल, ज्यातून ही बोट जेमतेम एक हंगाम धावली, पुढे चित्रीकरणासाठी भाड्यानं दिलं जाऊ लागलं.

आमच्या ऑफिसात त्या आठवड्यात एक वयस्क सहकारी, ज्याच्या बापानं कोडॅकमध्ये चाळीस वर्षं काढली होती, फार चिडला होता. राजकारण्यांवर, कंपनीवर, टोरांटोवर. मी त्याला विचारलं, तू किती वेळा गेलास? तो जरा थांबला. "एकदा. बायकोला घेऊन. फार मजा आली." मग मी मनातल्या मनात सगळ्यांना तोच प्रश्न विचारत गेले. एकदा. एकदा. जाणार होतो पण राहिलं. माझं उत्तरही तेच. ती बोट आम्हा सगळ्यांना हवी होती. कुणालाच लागत नव्हती.

आणि या सरोवरावर लागणारी बोट होऊन गेली होती, हे मला खूप नंतर कळलं. १९०७ पासून याच शार्लॉटहून पलीकडच्या कोबर्गला 'ऑन्टारिओ नंबर १' नावाची बोट जायची, पुढे १९१५ मध्ये 'नंबर २' आली. त्यांच्या पोटात रूळ होते. पेनसिल्व्हेनियाचा कोळसा भरलेल्या वाघिणी थेट आत ढकलायच्या आणि पलीकडे कॅनडाच्या रेल्वेला द्यायच्या, कारण तिकडच्या वाफेच्या इंजिनांना कोळसा हवा होता. उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर माणसं, बँड, सहली. कोळशानं भाडं भरलेलं, म्हणून वर नाचायला परवडत होतं. दोन महायुद्धं पार करून हा धंदा १९५० मध्ये थांबला. या बोटींची नावं बघा, नंबर १ आणि नंबर २. ना वारा, ना मांजर. त्यांना लाडाचं नाव ठेवावं असं कुणाला वाटलं नाही. आणि तरी त्या त्रेचाळीस वर्षं चालल्या.

पांढरी बोट त्यानंतरही कित्येक महिने नदीच्या मुखाशी उभी होती. विकायचा एक सौदा झाला आणि फिसकटला. मी कधी संध्याकाळी तिकडे गेले की तिच्याकडे बघायचं टाळायचे. सावकाराच्या दारावरून जाताना माणूस टाळतो तसं. एप्रिल २००७ मध्ये एका जर्मन कंपनीनं तिला तीन कोटी डॉलर्सना घेतलं आणि स्पेनच्या तारिफाहून मोरोक्कोच्या टँजिअरला लावलं. तिथे सामुद्रधुनीला वळसा घालायला रस्ताच नाही. पुढे ती व्हेनेझुएलात मार्गारिटा बेटाच्या वाटेवर गेली. बेटाला तर वळसा नसतोच. मला हे ऐकून बरं वाटलं, जशी आपल्या घरात न रुळलेली मुलगी दुसरीकडे संसाराला लागल्याचं कळावं.

आम्ही २००८ मध्ये पुण्याला परतलो. गेल्या दिवाळीत आईला गुहागरला मावशीकडे न्यायचं होतं. दापोलीहून दाभोळ, दाभोळहून फेरीबोटीनं पलीकडे धोपावे. तिकडचे लोक हिला जंगलजेट्टी म्हणतात. ही २००३ मध्ये सुरू झाली, ब्रीझच्या आदल्या वर्षी. बोट म्हणजे एक लोखंडी ताट, कडेला गंज, वर पत्र्याचा मजला. ओलांडायला काही मिनिटं. नाहीतर चिपळूणवरून दिवस मोडणारा वळसा.

धक्क्यावर आमच्या पुढे एक टेम्पो, त्यात शहाळी. मागे एसटीतून उतरलेली माणसं, एक नवरी मुलगी हातात पाटावरचं सामान घेऊन, दवाखान्याचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घेतलेले एक आजोबा, शाळेच्या गणवेशातली पोरं. कुणीही बोटीकडे बघत नव्हतं. सगळे मोबाईलमध्ये. खलाशानं गाडीच्या बॉनेटवर थाप मारली. "रिव्हर्स घ्या, ताई. अजून. अजून. बास. हँडब्रेक ओढा."

आई आता ऐंशीच्या पुढे. मागच्या सीटवर तिचा डोळा लागला होता. इंजिन घरघरलं, फळा वर उचलला गेला, खारट दमट वास काचेतून आत आला, सुक्या मासळीचा आणि डिझेलचाही. मी मागे वळून तिला सांगणार होते की बघ, तुझा तो वास. पण तेवढ्यात ताट समोरच्या काठाला खरवडलं, साखळ्या खडखडल्या, आणि शहाळ्यांच्या टेम्पोनं हॉर्न वाजवला.

तिनं डोळे न उघडताच विचारलं, "लागली?"

"लागली," मी म्हटलं, आणि गाडी सुरू केली.